खडखड, घरघर आणि गोरीगोरी

चाकणच्या एका कारखान्यात, दोन तास बंद असलेल्या यंत्रासमोर आम्ही तिघं उभे होतो. जपानहून आलेले इंजिनिअर, आमचे फिटर मामा आणि मधे मी, दुभाषी. इंजिनिअरनी कव्हर काढायला लावलं, स्पिंडल हाताने सावकाश फिरवला, डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवला आणि मला म्हणाले, "गारागारा नाही. गोरीगोरी."

दोन्ही शब्द मला येत होते. म्हणजे माझ्या वहीत होते. समोर इंग्रजी अर्थ लिहिलेला, खाली लाल शाईची रेघ. पण मामांना त्याचं काय सांगायचं ते सुचेना. मी म्हटलं, "ॲबनॉर्मल नॉइज आहे म्हणतायत."

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, आवाज येतोय म्हणून तर मशीन थांबवलंय. कसा येतोय ते विचारा की."

मग त्यांनीच पुढे होऊन स्पिंडलला हात घातला. अर्धा फेरा, पुन्हा अर्धा. "हां. हे खडखडत नाही. हाताला खरखर लागतेय, आत वाळू गेल्यासारखी. बेरिंगचे छर्रे गेलेत." इंजिनिअरनी मामांच्या बोटांकडे पाहिलं, 'खरखर' हा शब्द ऐकला आणि जोरात मान हलवली. "सोऽ, सोऽ! गोरीगोरी!" झालं. निदान ठरलं, सुटा भाग मागवला गेला आणि दुभाष्याचे पैसे मात्र मला मिळाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण जपानी शिकवताना मी आजही पहिल्या तासाला ती सांगते. कारण तोवर मी जपानीची एक परीक्षा, दुसरी परीक्षा असं करत बरंच अंतर चालून आले होते आणि तरी या भाषेतल्या एका मोठ्या खोलीचं दार मी चुकीच्या बाजूने ढकलत होते.

मी मूळची वाईची. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले. विभक्तीसारखे प्रत्यय, वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद, माणूस बघून बदलणारी आदरार्थी रूपं, यांतलं काही मराठी माणसाला परकं वाटत नाही. घोडं अडतं ते कांजीपाशी, म्हणजे चित्रलिपीपाशी, अशी सगळ्यांची समजूत असते. पण कांजी निदान पुन्हा पुन्हा गिरवून डोक्यात बसते. कोरोकोरो, सारासारा, फुवाफुवा असले जोडीजोडीने येणारे शब्द कितीही घोका, एकमेकांत मिसळून जातात. सुरुवातीच्या पुस्तकांत ते फारसे नसतात आणि खऱ्या जपानी माणसाने तोंड उघडलं की दर चार वाक्यांत एक पडतो. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने २००७ साली फक्त अशाच शब्दांचा कोश काढला. मासाहिरो ओनो यांनी संपादित केलेल्या त्या कोशात ४,५०० शब्द आहेत.

जपानीत या सगळ्या गोतावळ्याला हल्ली 'ओनोमातोपे' म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आलेला. घरचे शब्द मात्र नेमके आहेत. माणसाचा, प्राण्याचा आवाज असेल तर गिसेइगो. कुत्र्याचं वानवान, मांजराचं न्यान्या, कोंबड्याचं कोकेकोक्को. वस्तूचा आवाज असेल तर गिओन्गो: दारावरची टकटक म्हणजे तोन्तोन. इथपर्यंत जगातल्या बहुतेक भाषा सोबत येतात. पुढची पायरी वेगळी. आवाज मुळीच नाही, पण वस्तू कशी दिसते, हाताला कशी लागते, माणूस कसा चालतो हे सांगणारे शब्द म्हणजे गिताइगो. चांदणी लुकलुकते ती किराकिरा. मऊसूत पाव फुवाफुवा. रेंगाळत चालणारा नोरोनोरो. आणि त्याहूनही आत, मनात काय चाललंय ते सांगणारे गिजोगो: चिडचिड होते ती इराइरा, एका जागी बसवत नाही ती चुळबुळ सोवासोवा.

इथे इंग्रजीतून शिकणाऱ्याचा श्वास अडकतो. चांदणीला कसला आलाय आवाज? माझाही अडकला होता, कारण मी इंग्रजीतून शिकत होते. वाईत वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडायलाच नको होता. मे महिन्यात आजी म्हणायची, "टळटळीत दुपारी कुठे निघालीस?" दुपार कधी टळटळ वाजते का? ऊन रणरणतं, ते कोणी ऐकलंय? काळोख मिट्ट असतो, उजेड लख्ख, बाळ गुटगुटीत, समई मिणमिणते. यांतल्या एकाही गोष्टीचा आवाज होत नाही. तरी 'मिणमिणते' म्हटल्यावर वात किती वर आहे आणि तेल किती उरलंय हेही दिसतं. आपल्या शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त शब्दांच्या धड्यात 'अनुकरणवाचक' म्हणून यांची बोळवण होते: कडकड, किरकिर, वटवट, तुरुतुरु, पाच गुणांचा प्रश्न. अनुकरण कशाचं, हे कोणी विचारत नाही. तुरुतुरु चालणाऱ्या मुलाच्या पावलांचा आवाज 'तुरु' असा येत नाही. ते अनुकरण त्याच्या पावलांच्या लांबीचं आहे.

थोडक्यात, जपानी गिताइगो ज्या कप्प्यात ठेवायचे तो कप्पा माझ्याकडे जन्मापासून होता आणि मी त्यांना इंग्रजीच्या कपाटात कोंबत होते.

आता थोडी यंत्राची रचना. कोरोकोरो म्हणजे गोटी, बोर, सुपारी असं काहीतरी लहान आणि हलकं घरंगळणं. त्यातल्या 'क'चा 'ग' केला की गोरोगोरो, मोठा धोंडा किंवा पिंप गडगडत येणं, आणि आभाळातला गडगडाटही. किराकिरा चांदणी, गिरागिरा डोळ्यांवर येणारं कडक ऊन. सारासारा म्हणजे मऊ, सुटं, सरसर सरकणारं. झाराझारा म्हणजे खरखरीत. (यातला झ 'झेंडा'मधला नव्हे, 'झरा'मधला म्हणा, म्हणजे दाताजवळचा.) कठोर व्यंजन हलकं, लहान, स्वच्छ, मृदू व्यंजन जड, मोठं, कधी थोडं किळसवाणं. अमेरिकेत शिकवणाऱ्या शोको हामानो यांनी १९९८ च्या त्यांच्या पुस्तकात ही सगळी रचना अक्षर न् अक्षर उलगडून दाखवली आहे.

आपल्याकडेही हा कारभार चालतो. देवघरातली लहान घंटा किणकिणते, देवळातली मोठी घणघणते. उलट कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच की जपानीकडे 'क' आणि 'ग' असे दोनच खण आहेत, आपल्याकडे महाप्राण धरून चार. मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते: कडकड, खडखड, गडगड, घडघड. वीज कडकडते, रिकामी बैलगाडी खडखडते, ढग गडगडतात आणि शहाणं पोर पाढे घडाघडा म्हणतं. वर्गातली मुलं हसतात. त्यांनी हे शब्द हजारदा वापरलेले असतात, पण एका माळेत कधी पाहिलेले नसतात.

जपानीतली खरी गंमत शेपटीत आहे. कोरोकोरो म्हणजे घरंगळतच राहिलं. कोरोत् म्हणजे चटकन एकदा. कोरोन् म्हणजे घरंगळून जरा उसळी मारली. कोरोरी म्हणजे एक वेढा घेऊन थांबलं. एकाच मुळाला चार शेपट्या, आणि चार वेगवेगळी चित्रं. हे मी कित्येक वर्षं तक्ता करून पाठ केलं. मग एकदा स्वयंपाकघरात सहज आठवलं, की नळ टपटप गळतो, आंबे टपाटप पडतात आणि हातातली पोळी टपकन पडते. पटपट, पटापट, पटकन, पटदिशी. मधला तो 'आ' घातला की गोष्टींची संख्याही वाढते आणि वेगही. 'कन' लावलं की एकदाच, आणि तेही नकळत. ही शेपटी जपानीला नाही, तिची आपल्याला नाही. पण शेपटीने अर्थ हलवायचा ही सवय दोघींची. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश केला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्यात या 'कन' आणि 'दिशी'ची त्याने दखल घेतली आहे. परक्या माणसाला ती खटकली म्हणून दिसली. आपण तिच्यावर उभे असतो.

मराठी आणि जपानी बहिणी आहेत असा निष्कर्ष मात्र इथून काढू नका. वर्गात दरवर्षी कोणीतरी काढतंच. जपानीत दाबून हसण्याला कुसुकुसु म्हणतात, आपण खुसुखुसु हसतो. थंडीने बधिरलेल्या बोटांत जिन्जिन होतं, आपल्या पायाला झिणझिण्या येतात. खेळण्यातला खुळखुळा तिकडे गारागारा, म्हणजे दोन्ही नावं आवाजावरूनच. शिवाय गारागाराचा दुसरा अर्थ आहे रिकामं: आगगाडीचा मोकळा डबा, गिऱ्हाईक नसलेलं दुकान. आपल्याकडे तिजोरीत खडखडाट असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले होते. (जपानीत हे दोन गारागारा उच्चारात वेगळे पडतात: वाजणाऱ्यात पहिल्या अक्षरावर सूर चढतो, रिकाम्यात सपाट राहतो.) पण नात्यागोत्याशिवायही माणसाचं तोंड, जीभ आणि हात सगळीकडे सारखेच आहेत, एवढ्यावर हे साम्य भागतं. भारतापुरतं बोलायचं तर मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली एका लेखात दाखवून दिलं, की असे शब्द घडवण्याची रीत आपल्याकडे आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतल्या भाषांत मुरलेली आहे, शेजाराने आलेली. जपानीची रीत तिची तिची.

आणि जिथे साम्य नाही तिथे आपटी ठरलेली. माझी पहिली मोठी आपटी एका निरोप समारंभात. जपानी पाहुण्यांचं कौतुक करायला उभी राहिले आणि भर सभेत म्हणाले, "तुम्ही कायम नियानिया असता, म्हणून आम्हाला काम करायला आनंद वाटतो." म्हणायचं होतं निकोनिको, हसतमुख. नियानिया म्हणजे मनात काहीतरी ठेवून ओठांच्या कोपऱ्यात हसणं. पाहुण्यांनी वाकून आभार मानले. आणि त्या क्षणी ते खरोखर नियानिया हसले.

दुसरी आपटी दवाखान्यात. एका पाहुण्यांचं पोट आठवडाभर दुखत होतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कसं आहे? पाहुणे मला म्हणाले, "किरीकिरी नाही, शिकुशिकु." जपानी दवाखान्यात हा रोजचा सवाल-जवाब आहे. डॉक्टर स्वतःच विचारतात, झुकीझुकी का, चिकुचिकु का, आणि उत्तरावरून अर्धं काम होतं. पण मला शिकुशिकु माहीत होता तो मुसमुसून रडण्याचा शब्द म्हणून. मी इमानेइतबारे सांगितलं, "डॉक्टर, म्हणतायत पोट मुसमुसतंय."

डॉक्टर म्हातारे आणि मुरलेले. "म्हणजे मंद, सारखं? कळ नाही ना येत मधेच?" त्यांनी मला न हसता बरोबर अर्थ काढला. किरीकिरी म्हणजे कळ, सुरी फिरवल्यासारखी. शिकुशिकु म्हणजे बारीक, न थांबणारं दुखणं, जसं एखादं मूल कोपऱ्यात बराच वेळ हळू रडत राहतं तसं. घरी येऊन मी वहीचं ते पान फाडलं आणि नवं पान घेतलं. वर लिहिलं 'दुखणं' आणि आजीला फोन लावला.

आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिला म्हटलं, दुखण्याचे शब्द सांग. ती म्हणाली, कोणतं दुखणं? मग सुरू झाली. गळू ठसठसतं. दाढ ठणकते. खरचटलेलं चुरचुरतं. भाजलेलं हुळहुळतं. तापात अंग कसकसतं. डोकं भणभणतं. पोटात मळमळतं. मिरचीने तोंड झणझणतं. पित्ताने छातीत जळजळतं. मी एकेकासमोर जपानी लिहीत गेले. ठसठस आणि ठणका यांना झुकीझुकी. चुरचुर म्हणजे हिरीहिरी. झणझण म्हणजे पिरीपिरी. मळमळ म्हणजे मुकामुका, जो रागालाही चालतो, कोणाचा तरी संताप येऊन पोटातून ढवळतं तो. डोक्यात घण घातल्यासारखं होतं तो गान्गान. कसकशीला मात्र जोडीदार मिळेना. झोकुझोकु म्हणजे हुडहुडी, ती कसकस नव्हे. तो खाना मी तसाच ठेवला.

तेव्हापासून माझी वही अशी आहे. वर्णानुक्रमाने शब्द लावले की कोरोकोरोच्या शेजारी कोसोकोसो (चोरपावलांनी, गुपचूप) येतो आणि दोघांची भेळ होते. म्हणून एक पान पावसाचं: पोत्सुपोत्सु पहिले टपोरे थेंब, शितोशितो रिमझिम, झाऽझाऽ धो धो. पुण्यात जुलैत शिकवायला हे पान सोपं, खिडकी उघडायची. भुरभुर आणि रिपरिप यांतला फरक मी उलट जपानी विद्यार्थ्यांना समजावते. रिपरिपीत कंटाळा आहे, तो शितोशितोत नाही. एक पान पाण्याचं. ते शिकवायला मी वर्गाला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेते. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग. झुळझुळ वाहतं ते सारासारा, बारीक धारेने वाहतं ते चोरोचोरो. 'चोर' ऐकून दरवेळी एक तरी जण हसतो, आणि तो शब्द त्याला जन्मभर लक्षात राहतो. हसणं फुकट जात नाही.

सगळ्यात जाड पान खाण्याचं. जपानी माणूस पदार्थ चवीइतकाच दाताने खातो. कारीकारी म्हणजे कडक कुरकुरीत, साकुसाकु म्हणजे दाताखाली हलकेच चुरा होणारं, पारीपारी म्हणजे पातळ आणि तडकणारं. हे तीन शब्द इंग्रजीतून शिकवायला गेलं तर तिन्हींना 'क्रिस्पी' म्हणून गप्प बसावं लागतं. मी दिवाळीत जपानी पाहुण्यांपुढे फराळाचं ताट ठेवते आणि तोंडातून शब्द पडायची वाट बघते. चकलीला कारीकारी. करंजीला साकुसाकु, म्हणजे आपलं खुसखुशीत. तांदळाच्या तळलेल्या पापडाला पारीपारी. दुसऱ्या दिवशी जेवायला भेंडी होती, तर नेबानेबा, जो त्यांच्या नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनचाही शब्द. आणि तिथे मला एक गोष्ट कळली जी कोशात दिसली नव्हती: त्यांना तो आवडीचा शब्द आहे. आपण 'बुळबुळीत' म्हणताना नाक मुरडतो, बाई भेंडी चिरायच्या आधी पुसून कोरडी करते. त्यांची जीभ नेबानेबा शोधत जाते. कढी भुरकताना मात्र आमचं जमलं. त्यांचे नूडल्स झुरुझुरु, आमचे भुरके. आवाज केला म्हणून कोणी कोणाकडे डोळे वटारले नाहीत.

हे शब्द पोरकट आहेत असं दोन्हीकडे काही लोक मानतात. माझ्या एका मराठीच्या बाईंनी निबंधातला 'धो धो' खोडून 'मुसळधार' केला होता. जपानमध्येही सरकारी कागदात, न्यायालयाच्या निकालात हे शब्द शोधावे लागतात. पण पोरकट कसे म्हणायचे? इसवी सन ७१२ मधल्या 'कोजिकी' या जपानच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या इतिहासग्रंथात इझानागी आणि इझानामी हे दैवी जोडपं आकाशातल्या पुलावर उभं राहून भाल्याने समुद्र ढवळतं, तो कोओरो-कोओरो असा. भाल्याच्या टोकावरून ठिबकलेल्या खाऱ्या पाण्याचं बेट होतं. म्हणजे या देशाची उत्पत्तीच एका गिओन्गोने सुरू होते. आणि दुसऱ्या टोकाला आजचा बाजार. नामको कंपनीचा १९८० चा 'पॅकमॅन' हा खेळ पाकुपाकु, म्हणजे गपागप, यावरून निघाला. पिकाचूतला 'पिका' विजेचा लखलखाट आणि 'चू' उंदराचं चूं. कारखान्यातल्या जोडणीच्या सूचनांत मला हमखास वाक्य भेटतं, की कनेक्टर 'काचित्' आवाज येईपर्यंत आत दाबा. याचा इंग्रजी तर्जुमा लांबलचक होतो. मामांना मी सांगते, "खट्ट होईपर्यंत." ते कनेक्टर बसवतात. सैल झालेल्या सांध्याला जपानी तंत्रज्ञ 'गाता' म्हणतात, गातागातातला अर्धा तुकडा, आणि तो आता तांत्रिक शब्दच झाला आहे.

मुत्सुमी इमाई आणि किमी आकिता यांचं भाषेच्या मुळाविषयीचं पुस्तक २०२३ साली जपानमध्ये आलं आणि धडाक्याने खपलं. भाषा शरीराला कुठे चिकटलेली आहे याचा शोध त्यांनी याच शब्दांपासून सुरू केला आहे. तान्ह्या मुलाला आई आधी हेच शब्द देते, हे आपल्या घरातही दिसतं. भू भू येतो, भुर्र जायचं असतं, दुडूदुडू चालायचं असतं. मोठेपणी यांतले काही गळतात, बाकीचे आयुष्यभर पुरतात, आणि दवाखान्यात तर शेवटपर्यंत.

सगळे शब्द मात्र घरबसल्या मिळत नाहीत. 'शिन्शिन' माझ्या यादीत पंधरा वर्षं होता: 'बर्फ शांतपणे पडत राहणे'. पाठ, पण निर्जीव. मग एका फेब्रुवारीत कामानिमित्त जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे राहिले होते, रात्री दोनला जाग आली. कशाने आली ते कळेना. खिडकीशी गेले तर दिव्याच्या पिवळ्या उजेडात बर्फ पडत होता आणि गावातला एकूण एक आवाज कोणीतरी वरून कापूस दाबून बंद केल्यासारखा गेला होता. आवाज गेल्याने मला जाग आली होती. सकाळी घरमालकीण म्हणाल्या, "रात्रभर शिन्शिन पडला." मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला, वाचला नाही. मराठीत त्याला शब्द नाही आणि असायचं कारणही नाही. तसाच उलटा 'हुरहुर'. पाहुणे मुक्काम हलवताना मला जपानीत तो सांगता येत नाही. मोयामोया म्हणून बघितलं, पण त्यात नुसतं मळभ आहे. हुरहुरीत माया असते.

मागच्या वर्षी मामांनी हट्ट धरला, की मॅडम, तो तुमचा कागद आम्हाला भिंतीवर लावून द्या. म्हणून यंत्राशेजारी एक तक्ता लावला आहे. डावीकडे देवनागरीत जपानी, उजवीकडे मराठी. गारागारा: खडखड. गोरीगोरी: हाताला खरखर. कीऽकीऽ: ब्रेकची किंकाळी (हा मामांचा शब्द). क्युरुक्युरु: पट्टा कुंईकुंई करतो. गाता: ढिलेपणा. पित्तारी: फिट्ट बसलं. नवीन पोरं जाता-येता वाचतात, आणि पाहुणेही उजवीकडचे शब्द मोठ्याने म्हणून बघतात. 'खरखर' त्यांना जमतो. 'ख'नंतर 'ड' आला की जीभ जरा अडखळते.

तक्ता लावल्याच्या आठवड्यात दुपारी वीज गेली. कंप्रेसर थांबला, पंखे थांबले, पट्टा थांबला, दोनशे फूट लांबीच्या त्या शेडमध्ये एकदम काहीच वाजेना. पाहुणे हळूच म्हणाले, "शीऽन." मंगाच्या पानावर, काही आवाज नाही हे दाखवायला जो शब्द काढतात तो. मामांनी लगेच खिशातून पेन काढलं. "हे आपल्यात काय, मॅडम?"

मी म्हटलं, चिडीचूप.

"ते माणसं गप्प बसली की. इथे मशीन गप्प आहे."

स्टोअरमधला पोरगा म्हणाला, सामसूम. मग तोच म्हणाला, शुकशुकाट. मला तो फार आवडला, कारण त्यात शांततेलाच शुक्शुक् असा आवाज दिला आहे, अगदी शीऽनसारखा. पाहुण्यांनी तोंडात घोळवून बघितला, "शुकुशुकातो."

मामा पटले नाहीत. "शुकशुकाट दुपारी रस्त्यावर असतो. कर्फ्यू लागल्यावर. इथे आपण चौघं उभे आहोत की. शुकशुकाट कसा?"

चौघंही विचार करत उभे राहिलो. घामाचे थेंब गळत होते, बाहेर टळटळीत ऊन होतं, कुठेतरी पत्रा तापून एकदा टण्ण वाजला. मामांनी पेनचं टोपण काढून तक्त्यावर 'शीऽन' लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली, आणि तेवढ्यात मागे जनरेटर धडधडला.